थोरलीचा पाहुणचार

नुकुअलोफा,
८ मार्च १९९९

आदरणीय तेलेसिया आत्या,

हे पत्र मी जमिनीवर मांडी घालून, मान खाली घालून लिहितो आहे असं समजा. बापाच्या बहिणीकडे भाच्याने काही मागायचं नसतं. तिने मागायचं आणि आपण निमूट द्यायचं, एवढं मला दूध पितानाच शिकवलेलं आहे. तुम्ही आमच्या अंगणात आलात की आई डुकराची पिल्लं परसात लपवायची, कारण तुमचं बोट ज्याच्याकडे वळेल ते तुमचं झालं. तरीही आज उलटी गंगा वाहते आहे. मी मागतो आहे, आणि तेही थोरली.

गेल्या नोव्हेंबरात आपल्या राज्याने तैवानशी नातं तोडून चीनशी मैत्री जोडली, हे तुम्ही रेडिओवर ऐकलं असेल. आता आमचे मंत्रीसाहेब एप्रिलअखेर बीजिंगला जाणार, आणि मला कागद सांभाळायला सोबत नेणार आहेत. व्यापाराचं बोलणं व्हायचं आहे. आपल्या वावाऊची व्हॅनिला त्यांनी थेट घ्यावी, मधले दलाल नकोत, असा प्रस्ताव मी स्वतः लिहिला आहे. प्रश्न अडला तो भेटीवर. मंत्रीसाहेब म्हणाले, "नवी कोरी, लांबरुंद, पांढरीशुभ्र चटई घ्या." तेव्हा म्हातारे वाइपुलू, राजवाड्याच्या वतीने ज्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या भाषणं करतं ते, काठी टेकत उठले आणि म्हणाले, "नवी चटई गोऱ्या पर्यटकाला विकतात. राष्ट्राला द्यायची ती जुनी." मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतकी जुनी आहे कोणाकडे? माझ्या तोंडून निघून गेलं, "आमच्या आत्याकडे."

तुमच्या सियालेच्या लग्नात थोरली नवरीची मानाची चटई म्हणून तिच्या कमरेला गुंडाळायची आहे, हे मी विसरलेलो नाही. पण लग्न डिसेंबरात. डिसेंबर अजून लांब आहे.

तुमचा,
फेलेती

*

लेइमातुआ, वावाऊ,
१७ मार्च १९९९

फेलेती,

आयजीच्या जिवावर बायजी उदार! तुझ्या तोंडून निघून गेलं म्हणे. तुझ्या बापाच्या तोंडूनही असंच काहीबाही निघून जायचं, आणि निस्तरायला मी.

आधी मला एक सांग. लिन इथे चौदा वर्षं राहिला. तैवानहून आला तेव्हा त्याला नारळ सोलता येत नव्हता. आमच्या बायकांना त्याने मुळा, कोबी, दुधी लावायला शिकवलं. आपल्या चर्चमध्ये खालच्या सुरात गायचा, बेसूर, पण एक रविवार चुकवला नाही. तुमची नवी मैत्री रेडिओवर आली आणि तो चार दिवसांत सामान बांधून निघाला. जाताना माझ्या पायांशी बसून म्हणाला, "आत्या, मुळ्याला पाणी घाला." मी घातलं. गरज सरो नि वैद्य मरो ही आपली रीत कधीपासून झाली? हे तुझ्या मंत्र्यांना विचार. तू विचारणार नाहीस, ठाऊक आहे मला.

आता थोरलीचं. ती नुसती केवड्याच्या पातीची चटई नव्हे. तिच्या काठाला जो कुरतडलेला भाग आहे, तो माझी आजी राणीसाहेबांच्या राज्यारोहणाला निघाली तेव्हा बोटीतल्या उंदराने खाल्लेला. आजी तशीच गेली, तो काठ पुढे घेऊन, की बघा, आम्ही लांबून आलो. पहिलं ठिगळ तिचं. दुसरं माझ्या आईचं, आमचे वडील गेले त्या आठवड्यातलं. रडत रडत विणलंय, पात ओढलेली कळते. तिसरं सियालेचं. सात वर्षांची होती. मला न सांगता लावलं, वाकडं. मी ते उसवलं नाही.

पण वाइपुलूबाबांचं म्हणणं खरं आहे. द्यायची तर जुनीच. राज्याची अब्रू जायची असेल, तर माझ्या पेटीत बसून थोरली काय करणार? नेऊ दे.

एक लक्षात ठेव. अशी चटई घरातून जात नसते, पाहुणी जाते. माझ्या आईने ती हापाई बेटांवरच्या एका घराला दिली होती, आणि वडिलांच्या अंत्यविधीला त्याच लोकांनी ती परत आणून आमच्यासमोर उलगडली, वर एक डुक्कर. तर त्या मोठ्या घराला सांगायचं की आमच्याकडे डिसेंबरात लग्न आहे. मोठं घर आहे, त्यांना रीत कळत असेल.

मुळ्याला शेंगा धरल्या आहेत.

तेलेसिया

*

नुकुअलोफा,
२९ मार्च १९९९

आदरणीय आत्या,

थोरली बोटीने सुखरूप पोचली. वाइपुलूबाबांनी ती उघडली, काठावर हात फिरवला आणि उंदराची गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली. मंत्रीसाहेब मात्र मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे, ही जरा जास्तच जुनी नाही का?"

निरोप पोचवतो. तुमचे उपकार राज्य विसरणार नाही.

फेलेती

*

बीजिंग,
६ मे १९९९

आदरणीय आत्या,

काय सांगू आणि काय नको. टेबल एवढं लांब की पलीकडच्या टोकाला बसलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येईना. आमच्या बाजूला आम्ही सहा जण, त्यातले वाइपुलूबाबा जेवणानंतर पेंगणारे. समोर चाळीसेक माणसं, प्रत्येकापुढे झाकणाचा चहाचा कप. पण वागणूक अशी, की आपण त्यांच्या बरोबरीचे आहोत. आपला झेंडा त्यांच्याएवढाच मोठा लावला होता. ऑस्ट्रेलियात असं कधी झालं नाही. तिथे आपल्याला डोक्यावरून हात फिरवून पाठवतात.

व्हॅनिलाचं बोलणं झालं. त्यांना फार आवडली. एका खेपेला किमान किती पाठवाल, असं विचारून त्यांनी जो आकडा सांगितला, तेवढी आपल्या सगळ्या बेटांवर मिळून पिकत नाही. मंत्रीसाहेब हसून म्हणाले, "विचार करू." त्यावर तेही हसले. बोलणं पुढच्या वर्षी चालू राहील.

आणि थोरली. मोठ्या सभागृहात, झगझगीत दिव्यांखाली, आम्ही दोघांनी तिची टोकं धरून ती उलगडली. वाइपुलूबाबा अर्धा तास बोलले, उंदरापासून सगळं. दुभाष्याने ते दोन वाक्यांत उरकलं. चटई उलगडली तेव्हा सभागृहात क्षणभर कोणी बोललं नाही. मला वाटतं, आदराने. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पाहुण्यांच्या भेटी ठेवायचं त्यांचं एक दालन आहे. तिथे काचेमागे थोरलीला जागा मिळणार आहे. शिष्टाचार खात्यातल्या शेनबाई फार सज्जन आहेत, त्यांनी जातीने लक्ष घातलं आहे. थोरलीची काळजी करू नका.

फेलेती

*

लेइमातुआ,
९ जून १९९९

फेलेती,

तुझं पत्र चर्चच्या पाळकांनी वाचून दाखवलं, मग मी स्वतः दोनदा वाचलं. एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. जुनी चटई उलगडली आणि कोणी बोललं नाही? आपल्याकडे जुनी चटई उलगडली की बायका कौतुकाने ओरडतात, "मालो! मालो!", म्हाताऱ्या रडतात, एखादी उठून नाचते. तिथे बायका नव्हत्या का? तुला वाटतं की आदराने. बरं, तुला वाटतं.

व्हॅनिलाचं म्हणशील तर त्यांना सांग, ती वासाची चीज आहे, पोट भरायची नाही. आमच्या हातांनी एकेक फूल सकाळी उघडून परागकण लावावे लागतात, दुपारी ते मिटतं. एवढ्या मोठ्या देशाला हवी तेवढी व्हॅनिला करायची तर इथे दुपारच व्हायला नको.

आणि काचेमागे म्हणजे? चटई काचेमागे ठेवली तर तिच्यावर बसणार कोण? ती अंगाला लागत नसेल तर तिच्या पातीला तेल कुठलं मिळणार?

सियालेचं लग्न ४ डिसेंबरला ठरलं. नवरा हापाईचा, चांगला आहे, कमी बोलतो. पण घर मानाचं. त्याची आजी जिवंत आहे आणि तिची नजर नवरीच्या तोंडाकडे जात नाही, कमरेकडे जाते. थोरलीशिवाय सियाले उभी राहिली, तर जन्मभर "उघडी आली" असं ऐकून घेईल. परवा पोर रिकामी पेटी उघडून बसली होती.

त्या लोकांना रीतसर आमंत्रण दे. शेनबाईंना यायला सांग. डुक्कर मी भाजीन, राहायची सोय पाळकांकडे होईल.

तेलेसिया

*

बीजिंग,
१५ जुलै १९९९

आदरणीय आत्या,

आनंदाची बातमी. इथल्या सरकारने आपल्याला भाषा आणि व्यापार शिकायला वर्षभराची एक जागा दिली, आणि मंत्रीसाहेबांनी माझं नाव घातलं. पुढेमागे इथे आपली कचेरी उघडली तर माझा विचार होईल, असं ते म्हणाले. म्हणून मी मागे राहिलो आहे. खोली चांगली आहे. थंडी इथे फार कडाक्याची असते म्हणतात.

आमंत्रणाबद्दल मी बोलतो आहे. मोठ्या देशाचं काम हळू चालतं, आत्या. एका कागदावर पंधरा माणसांच्या सह्या लागतात. शिवाय एकदा राज्याने राज्याला दिलेली भेट म्हणजे... इथली पद्धत थोडी वेगळी आहे. तुम्ही सियालेला धीर द्या.

तिच्यासाठी मी इथून उत्तम रेशीम पाठवतो आहे. लाल, त्यावर सोनेरी पक्षी. अख्ख्या वावाऊत तसं कोणाकडे नसेल.

फेलेती

*

लेइमातुआ,
२० ऑगस्ट १९९९

फेलेती,

रेशीम आलं. सुंदर आहे. त्याचा मी पाळकांच्या टेबलावर घालायला रुमाल केला.

माझ्या मुलीच्या कमरेला पक्षी बांधून मी तिला हापाईकरांसमोर उभी करू होय? तुला वर्षभराची जागा मिळाली आणि माझ्या पोरीची गेली, असं काही झालं आहे का? सरळ बोल. तुझी पत्रं आता माशांच्या बाजारातल्या बाईसारखी बोलतात, सगळं दाखवतात आणि वासाचा विषय टाळतात.

तू शेनबाईंना विचारलेलं नाहीस. मला कळतं. लहानपणीही खोटं बोलायचं झालं की तू आधी हवापाण्याचं बोलायचास.

म्हणून मीच त्यांना पत्र लिहवलं. पाळकांनी इंग्रजीत उतरवून दिलं, पत्ता तुझ्या जुन्या पाकिटावरचा, त्यांच्या खात्याचा. मी लिहिलं, आमची थोरली तुमच्याकडे पाहुणी आहे, आमच्या घरी ४ डिसेंबरला लग्न आहे, तिला घेऊन या. तुम्हाला लेक असेल तर कळेल. तुला परवानगी विचारत नाही. मी तुझ्या बापाची बहीण आहे.

तेलेसिया

*

बीजिंग,
१८ ऑक्टोबर १९९९

सन्माननीय श्रीमती तेलेसिया,

आपलं पत्र मला मिळालं. एखाद्या घरातून या कचेरीला आलेलं असं पत्र मी पहिल्यांदाच वाचलं, आणि ते मी वरिष्ठांकडे नेलं. त्यांनी नियम दाखवला. दुसऱ्या राष्ट्राकडून स्वीकारलेल्या भेटीची नोंद होते, तिला क्रमांक मिळतो, आणि त्यानंतर ती दालनाबाहेर जाऊ शकत नाही. मी आपली क्षमा मागते. मला मुलगी आहे. तिच्या लग्नात माझ्या आईची रजई दिली होती, म्हणून आपलं म्हणणं मला समजलं.

मात्र एका बाबतीत मी आपल्याला समाधान देऊ शकते. समारंभात चटई उलगडली तेव्हा ती कुरतडलेली आणि जागोजाग फाटलेली दिसली. आम्हाला धक्का बसला. मी आपले भाचे श्री. फेलेती यांना बाजूला घेऊन विचारलं, "प्रवासात फाटली का?" ते अतिशय विनयशील आहेत. त्यांनी खाली बघितलं आणि म्हणाले, "हो, प्रवासात."

पाहुण्याची भेट आमच्या वाटेवर खराब व्हावी, ही आमच्यासाठी शरमेची गोष्ट होती. आपल्या शिष्टमंडळाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून आम्ही कुठेही वाच्यता केली नाही. दक्षिणेकडून चटई विणणारे आमचे सर्वांत कुशल कारागीर बोलावले. त्यांनी ठिगळं काढली, कुरतडलेला काठ सरळ कापला, नवी पात आपल्याच विणीत बेमालूम बसवली आणि सगळी चटई धुऊन उजळली. आता ती पहिल्या दिवशी होती तशी दिसते. सोबत फोटो आहे. आपल्याला आनंद होईल अशी आशा करते.

कारागिरांतल्या एक वृद्ध बाई उतरवलेले तुकडे टाकून द्यायला तयार होईनात. विशेषतः एक वाकडं ठिगळ हातात धरून त्या म्हणाल्या, "हे लहान मुलीचं आहे. ज्याचं त्याला पाठवा." नोंदवहीत क्रमांक चटईला आहे, तुकड्यांना नाही. म्हणून ते मी पाठवू शकते. नवरीला माझे आशीर्वाद.

शेन

*

बीजिंग,
२ नोव्हेंबर १९९९

आत्या,

शेनबाईंनी तुम्हाला काहीतरी पाठवलं असं आजच त्यांच्या बोलण्यातून कळलं. काय लिहिलंय ते त्यांनी सांगितलं नाही. पाकीट आलं तर मी येईपर्यंत उघडू नका. मी सगळं समजावून सांगतो. डिसेंबरात यायचा प्रयत्न करतो आहे, पण शिकवणीतून सुट्टी मिळत नाही.

त्या दिव्यांखाली तुम्ही नव्हता, आत्या. चाळीस माणसं बघत होती.

फेलेती

*

लेइमातुआ,
१२ डिसेंबर १९९९

फेलेती,

तुझं पत्र तिच्या पाकिटानंतरच्या बोटीने आलं. तोपर्यंत उघडून झालं होतं.

विणायला बसतो त्या घरात उघडलं, सगळ्याजणी असताना. आधी फोटो बाहेर आला. हातोहात फिरला. लुसिया म्हणाली, "कुठल्या हॉटेलातली आहे ही?" मी म्हटलं, "ही थोरली." मग कोणी बोललं नाही, आणि ते काही आदराने नव्हतं. मला पहिल्यांदा वाटलं की आपण मेलो असतो तर बरं झालं असतं, हे बघायला नको होतं. आजीचा काठ सरळ कापला रे! राणीसाहेबांपुढे मिरवलेला काठ.

पाळकांनी पत्र वाचलं. तुझं वाक्य आलं तेव्हा ते थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "वाचा पुढे."

मग सियालेने पिशवी उलटी केली. पातळ कागदात एकेक तुकडा वेगळा गुंडाळलेला. उंदराचा काठ. आजीचं ठिगळ. आईचं. आणि तिचं वाकडं. पोरीने ते गालाला लावलं आणि वास घेतला. आपल्या पेटीचा वास होता त्याला अजून, चंदनाचा आणि खोबरेल तेलाचा. तेव्हा कुठे आमच्या बायका ओरडल्या. अशा ओरडल्या की शाळेतून पोरं धावत आली.

त्या दिवसापासून आम्ही विणायला बसलो. पात वाळवलेली होती, वेळ कमी होता, नवी चटई जाडीभरडी झाली. पण ते चारही तुकडे आम्ही पुढच्या बाजूला बसवले, काठ सगळ्यात वर. लग्नाच्या दिवशी सियाले उभी राहिली. हापाईची आजी दोघींच्या खांद्यावर हात टाकून आली, वाकली, नाक लावून काठ हुंगला आणि म्हणाली, "हा उंदीर मी ऐकलाय." आणि रडायला लागली. मग तिच्याकडच्या सगळ्या रडल्या. लग्न फार छान झालं. मी तीन डुकरं भाजली आणि एकही उरलं नाही.

लिनलाही मी आमंत्रण धाडलं होतं. त्याने एका पाकिटात मुळ्याचं बी पाठवलं. आता तूच सांग, यातला कोण मित्र आणि कोण परका. मला नीट सांगता येत नाही, कारण ती दुसरी बाईही काही परकी वागली नाही. वाकडं ठिगळ लहान मुलीचं आहे हे जिने ओळखलं, तिच्यापुढे मी जमिनीवर बसायला तयार आहे.

तिकडे त्यांच्याकडे चटई आहे. इकडे आपल्याकडे थोरली. हे तुझ्या मंत्र्यांना सांगू नकोस, नाहीतर करार यशस्वी झाला म्हणून रेडिओवर सांगतील.

माझा राग त्या मोठ्या घरावर नाही, फेलेती. आपण लहान आहोत यात लाज कसली? लहान घराकडे देण्यासारखं फार नसतं, पण जे असतं ते काय आहे हे तरी सांगावं. त्यांनी तुला बाजूला घेऊन, हळू आवाजात, आपल्या अब्रूला जपून विचारलं होतं रे. एका वाक्याचं काम होतं. "नाही बाई, ही शंभर वर्षं फाटते आहे, म्हणून तर आणली." तुझा झेंडा त्यांच्याएवढा मोठा लावला होता म्हणतोस. त्याखाली तू मात्र मान खाली घातलीस. मान माझ्यापुढे खाली घालायची असते, त्यांच्यापुढे नव्हे.

शीक तिकडे. भाषा नीट शीक, दोन वाक्यांत उरकणारा दुभाष्या पुन्हा लागू देऊ नकोस. थंडीत डोक्याला काही बांधत जा.

मी काही लगेच मरत नाही. पण मरेन तेव्हा तुला यावं लागेल, सुट्टी मिळो न मिळो. रीत तुला ठाऊक आहे. बापाची बहीण गेली की भाच्याने घरात नाही बसायचं, मागे भट्टीच्या धुरात बसायचं, कमरेला सगळ्यात फाटकी चटई बांधून. ती मी तुझ्यासाठी आत्ताच बाजूला काढून ठेवली आहे. तोवर तू मोठा साहेब झाला असशील. तुझ्या कचेरीतली लांबलांबची माणसं येतील, कदाचित शेनबाईही येतील. त्यांच्यातलं कोणीतरी तुझ्या शेजारी वाकून, तुला अवघड वाटू नये म्हणून हळूच विचारेल, "प्रवासात फाटली का?"

तेव्हा खरं सांग.

तेलेसिया